खळ्यावरची हॉकी

कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जाऊ लागल्या की आमच्या रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या होतात. गाडीत दाबून भरलेला कापूस दोन्ही अंगांनी ओथंबलेला असतो आणि वाकलेली फांदी जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडून आपली चिमूट काढून घेते. या वसुलीला कोणताही कायदेशीर आधार नाही. पण तिच्याविरुद्ध मी आजवर तक्रार केलेली नाही. बाकी ज्यांच्या ज्यांच्याविरुद्ध तक्रार करता येते, त्या सर्वांविरुद्ध केलेली आहे.

सकाळी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या माझ्या ओट्यावर बसलो की थंडीत दूरवरून एक आवाज येतो. लाकडावर चेंडू आपटल्याचा, कोरडा, नेमका. हॉकीच्या निवडीचे दिवस आले, हे मला त्या आवाजावरून कळते. मैदानावर गेल्या महिन्यात कसलासा मेळावा झाला. मंडप निघाला, खुंट्यांचे खड्डे तसेच राहिले. ज्यांच्याकडे ते मैदान आहे त्यांना मी दोनदा लिहिले आहे, तिसरे पत्र टेबलावर आहे. मुले खड्डे चुकवून खेळतात. त्यांना चुकवता येते, म्हणून खड्डे बुजवायचे नाहीत, असा काहीसा तर्क या देशात रूढ झाला आहे.

परवा शेजारची मुलगी फाटकाशी उभी होती. कॉलेजच्या संघात खेळते. हातातली स्टिक तिने अशी धरली होती, जशी एखादी मोडलेली छत्री धरतात.

"काय झालं गं?"

"नाई घेतलं, आजोबा."

"कारण?"

"कारण कायचं? कच्ची हाये म्हंते. पुढच्या वर्षी पाहू म्हंते."

मी आत गेलो आणि पेनाचे टोपण काढले. या एका वाक्याइतका संताप मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा आला नसेल. 'पुढच्या वर्षी पाहू.' कनिष्ठातला कनिष्ठ न्यायाधीशही एखाद्याचा अर्ज फेटाळताना खाली दोन ओळी कारण लिहितो, कारण कारण नसलेला आदेश हा आदेश नव्हे, लहर आहे. बांधावरच्या कडुलिंबाच्या एका फांदीसाठी आम्ही पानेच्या पाने निकालपत्र मागतो. आणि सतरा-अठरा वर्षांच्या लेकराला मैदानाच्या मधोमध उभे करून दोन शब्दांत परत पाठवतो. त्यातले 'पुढचे वर्ष' त्याच्याजवळ आहे की नाही, हेही कोणी विचारत नाही.

दौलतजवळ ते नव्हते.

सत्तरचे दशक कलू लागले होते, तेव्हाचा तो हिवाळा. मी वर्ध्याच्या कोर्टात वकिली करीत होतो आणि जिल्ह्याच्या हॉकी मंडळाचा मानद चिटणीस होतो. मंडळ म्हणजे एक मी आणि दुसरे रहमान मास्तर. मास्तर शाळेत कवायत शिकवीत. तरुणपणी स्वतः हाफच्या, म्हणजे मधल्या फळीतल्या, जागी खेळलेले; दौलतचीही जागा तीच. उंच, सडसडीत, आणि आवाज असा की शंभर मुलांना 'सावधान' म्हणताना तो चढवावा लागत नसे. नागपूरच्या अव्वल लीगमधल्या एका क्लबाला दरवर्षी आमच्याकडून एकदोन पोरांची नावे जात. कोणाचे नाव पाठवायचे, हे आम्ही दोघे ठरवायचो, आणि त्यावरून दरवर्षी भांडायचो.

माझे म्हणणे असे की कायद्याने माणूस एका विशिष्ट दिवशी सज्ञान होतो. आदल्या रात्री अज्ञान, सकाळी सज्ञान. यात शहाणपण नसेल, पण प्रामाणिकपणा आहे: रेषा सर्वांना दिसते. तशीच रेषा आपणही आखावी. इतके वय, दुय्यम गटात इतके हंगाम, की नाव पाठवावे. मास्तर ऐकून घेत आणि पानाची पिचकारी टाकून म्हणत, "वकीलसाहेब, तुमची रेषा कागदावर लय सरळ येते. पोट्टे वाकडे वाढतात ना."

त्यांची पद्धत निराळी होती. पोराजवळ चेंडू असताना ते त्याच्याकडे पाहतच नसत. विडी शिलगावत, बुटाची नाडी बांधत. चेंडू हिसकावला गेला की मात्र मान वर होई. "बॉल असला का सगळेच शहेनशहा असतात," ते म्हणत. "बॉल गेल्यावर पोट्टं काय करते, ते पाहा." आणि खरोखर, चेंडू गेला की एखादा पंचाकडे पाही, एखादा आकाशाकडे, एखादा स्टिककडे असा पाही की जणू दोष सुताराचा. दौलत मडावी मात्र तोवर धावायला लागलेला असे.

तो कारंज्याच्या पलीकडच्या जंगलकाठच्या पाड्यावरचा. घरी त्यांची स्वतःची भाषा; मराठी शाळेत आल्यावर शिकलेली. वर्ध्याला वसतिगृहात राही. बोलणे इतके कमी की पहिल्या वर्षी मी त्याला मुका समजून मास्तरांना विचारले होते. मास्तर म्हणाले, "बोलते ना. विचारलं तर."

त्या हिवाळ्यात मी आणि मास्तर आयुष्यात प्रथमच न भांडता एका नावावर आलो. संक्रांतीनंतर आम्ही त्याला नागपूरला चाचणीसाठी घेऊन गेलो.

काय झाले ते मी साइडलाइनला उभे राहून पाहिले, आणि दिसूनही मला कळले नाही. समोरून सरळ, साधा पास येई, आणि तो दौलतच्या स्टिकखालून निघून जाई. एकदा, दोनदा, पुन्हा. जो मुलगा वर्ध्याच्या ढेकळांत उडता चेंडू हवेतून टिपायचा, त्याला तिथे शाळकरी पोरानेही अडवला असता असा चेंडू अडवता येईना. क्लबचे निवडकर्ते स्वेटरमध्ये मावत नसलेले एक जुने खेळाडू होते. नागपुरात त्यांना सगळे दादा म्हणत. त्यांनी वीसेक मिनिटांत शिट्टी फुंकली. "अभी कच्चा है, मास्तर. अगले साल देखेंगे." मी कारण विचारायला पुढे झालो, तोवर त्यांनी पुढच्या पोराला बोलावले होते.

परतीच्या बसमध्ये दौलत खिडकीशी बसला होता. बाहेर तुरी उभ्या होत्या, मधूनमधून कापूस वेचणाऱ्या बायांच्या रांगा. बुटीबोरीनंतर तो म्हणाला, "साहेब, पुढच्या वर्षी माहं नाव नका पाठवजा."

"का?"

"पुढच्या वर्षी मी नाई राहत इथं. मामानं जंगलखात्याच्या रोपवाटिकेत चौकीदाराचं पाह्यलं. होळीपर्यंत हो-नाई सांगा लागते. बाबा म्हणे, तोवर खेळ. झालं तर झालं."

आणि मग, खिडकीकडे पाहतच: "नोकरी वाईट नाई."

वाईट नव्हतीच. तीच तर अडचण. वाईट गोष्टीविरुद्ध मला लढता येते. बऱ्या गोष्टीविरुद्ध कोणता युक्तिवाद करणार? क्लबात नाव लागले असते तर क्लबाच्या ओळखीने गिरणीत काम मिळाले असते, आणि दौलत हॉकी खेळत राहिला असता. नाही लागले, तर रोपांना पाणी घालीत राहिला असता. कोणीही उपाशी मरणार नव्हते. फक्त जे त्याला येत होते, ते त्याच्यापाशीच राहून गेले असते.

मी घरी येऊन क्लबाला पत्र लिहिले. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे, आदेशात कारणे नमूद करण्याचे कर्तव्य, सारे. उत्तर आले नाही. दुसरे लिहिले. मग क्लबाचे छापील नियमच मागवून घेतले, आणि त्यात मला हवे ते सापडले: यादी कायम होईपर्यंत कोणाही खेळाडूस पुन्हा पाहण्याचा अधिकार निवडकर्त्यास राहील. अधिकार आहे तिथे त्याच्या वापराची जबाबदारीही आहे, असे तिसऱ्या पत्रात लिहून मी ते स्वतःच घेऊन नागपूरला गेलो. हातात दिल्यावर कोणी 'पोचले नाही' असे म्हणू शकत नाही, हा माझा वकिलीतला अनुभव.

दादा मैदानाबाहेरच्या टपरीवर चहा पीत होते. त्यांनी पत्र उलटसुलट पाहिले आणि बशीखाली ठेवले.

"वकीलसाहब, तुमची चिठ्ठी वाचाले मले वकील करा लागते."

"मला फक्त कारण हवे आहे. लेखी."

"लेखी कायले? मुंहजबानी ऐका ना. तुमचं पोट्टं बॉल उसळाची वाट पाह्यते."

मला कळले नाही. त्यांनी चहाचा चमचा घेतला, टेबलापासून चार बोटे वर धरला आणि त्याखालून साखरेचा खडा टिचकीने पलीकडे सरकवला. खडा बिनबोभाट निघून गेला.

"तुमच्या वर्धेकडं काळी माती. भेगा, ढेकळं. बॉल येता येता उडते. म्हणून दांडू वर. इथं मुरूम हाये, घोटलेला. बॉल उडतच नाई. पोट्टं वर पाहून राह्यलं, बॉल खालून पसार. अव्वल लीगमंदी असं चालते का?"

"मग हे त्याला त्याच दिवशी का सांगितले नाही?"

दादांनी चमचा कपात टाकला. "पचास पोट्टे येतात, वकीलसाहब. कोनाकोनाले सांगू?"

"पन्नासांनाही," मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. "ज्याला नाही म्हणता, त्या प्रत्येकाला."

दादांनी बशीखालचे पत्र काढून माझ्या हातात परत दिले. मग म्हणाले, "होळीच्या आधीच्या इतवारी आणा त्याले. पाह्यतो पुन्हा. पन चिठ्ठी नका आणजा."

आता प्रश्न उरला तो जमिनीचा. आमच्या जिल्ह्यात चेंडू सरळ धावेल अशी जागा कुठे आहे? मैदाने काळ्या मातीची. जिनिंगचे आवार सपाट, पण या दिवसांत तिथे गाड्यांची रांग. मी आणि मास्तर सायकली दामटत फिरलो. पवनारला धामच्या काठाने येताना मास्तरांनी एकाएकी ब्रेक दाबला. डावीकडे नथ्थूजींचे शेत होते. ज्वारीची मळणी होऊन रास घरी गेलेली, आणि मागे उरलेले खळे उन्हात पडलेले: पाणी शिंपून, बैल फिरवून, चोपून, शेणाने सारवलेले, ताटासारखे सपाट, टणक, कुठे खडा नाही.

मास्तरांनी खिशातला चेंडू काढून त्यावर सोडला. चेंडू आवाज न करता पार पलीकडच्या कडबीपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन आम्ही नथ्थूजींच्या दारात उभे राहिलो.

नथ्थूजींची एक बांधाची केस माझ्याकडे होती, त्यामुळे नकार सरळ येणार नव्हता. पण होकारही आला नाही. त्यांनी पागोट्याखाली खाजवले. "खेळा ना. माहं काय जाते? पन वकीलसाहेब, खळ्यावर पायतान घालून कोनी येत नाई. माहा बाप नाई आला, मीबी नाई जात. तुमचे पोट्टे बूट घालतीन."

"घालणार नाहीत."

"अन् सारवन उखडलं तं? अजून गहू याचा हाये."

"तेच सारवतील," मास्तर म्हणाले.

आतून नथ्थूजींच्या पत्नी बाहेर आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी मागे उभ्या असलेल्या पोरांना न्याहाळले. "हे सारवतीन? हात पाहा यायचे. शेन पाह्यलं तं पळतीन."

कोणी पळाले नाही. त्या माघ-फाल्गुनात दर आठवड्याला वर्ध्याच्या हॉकी संघाची पोरे पवनारच्या खळ्यावर उकिडवी बसून सारवीत, आणि काकू काठी घेऊन वरून दाखवीत: इथं जाड झालं, इथं भेग राह्यली, अरे हात गोल फिरव, भाकर थापून राह्यला का? दौलतचे सारवण सर्वांत चांगले. त्यांच्या घरी भिंती तोच सारवायचा. काकूंनी एकदा सर्वांसमोर जाहीर केले, "याले देऊन टाका मले. तुमी दुसरं पोट्टं पाहा हॉकीले." आणि दौलत, ज्याचा आवाज मी फारसा ऐकला नव्हता, म्हणाला, "खेळून आलो का येतो, काकू."

आजही या दिवसांत खळ्याच्या सारवणाचा वास आला की मला ती संध्याकाळ दिसते. धामवरून गार वारा येतो आहे. मास्तर चेंडू मारतात, अनवाणी दौलत वाकतो. पहिले कितीतरी दिवस स्टिक आपोआप वर उचलली जाई. चेंडू घोट्यावर येऊन बसे. तो ओरडत नसे, एक पाय उचलून बगळ्यासारखा उभा राही, आणि पाय खाली टेकला की 'टाका' म्हणे. सवय मोडणे हे शिकण्यापेक्षा कठीण असते. शिकताना निदान आपल्याला येत नाही हे ठाऊक असते. इथे तर जे मोडायचे, ते त्याचे कौशल्यच होते. ज्या मातीने त्याला घडवले होते, तिने शिकवलेले तेवढे बाजूला ठेवायचे, आणि तेही फेकून न देता, कारण कधीतरी ते पुन्हा लागेल. मोठमोठ्यांना हे साधत नाही. मी स्वतः जिल्हा कोर्टातून उच्च न्यायालयात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझी काय गत झाली, ते इथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

आता तर मुरूमही मागे पडतो आहे. मोठ्या शहरांत हिरवे कृत्रिम गवत अंथरले जाते, त्यावर पाणी मारतात, आणि चेंडू वाऱ्यासारखा जातो म्हणे. आमच्याकडच्या पोरांना तिथे नेऊन पुन्हा कोणीतरी स्वेटरमधला गृहस्थ 'कच्चे' म्हणणार आहे. म्हणो. मात्र त्या वेळी कोणीतरी पुढे होऊन विचारले पाहिजे: कच्चे म्हणजे काय? हात कच्चा, पाय कच्चा, की केवळ जमीन नवी? यातल्या प्रत्येकाला निराळा उपाय आहे. फळाला तुम्ही 'कच्चे' म्हणून आढीत घालू शकता, ते काही विचारीत नाही. माणसाला सांगावे लागते. सांगितले तर तो काय काय करून दाखवील याचा नेम नाही. शेणात हात घालील. माझ्या या वयात, इतक्या अनुत्तरित पत्रांनंतर, माझा जो काही आशावाद शिल्लक आहे तो एवढ्याच पुराव्यावर उभा आहे, आणि तो मला पुरेसा वाटतो. शेजारच्या मुलीला मी काल तेच सांगितले: रडू नकोस, परत जा आणि नीट विचार. ती गेली आहे.

होळीच्या आधीच्या रविवारी नागपूरला आम्ही चौघे गेलो. दौलतचे वडीलही आले होते. धुतलेले धोतर, खांद्यावर टॉवेल. होकार-नकार कळला की तिथूनच ते मामाकडे निरोप घेऊन जाणार होते. मैदानाच्या कडेला ते जे उभे राहिले, ते बसा म्हटले तरी बसले नाहीत. माझ्या कोटाच्या खिशात, दादांनी मनाई केली होती तरी, मुद्द्यांचा कागद होता.

पहिला पास आला. स्टिक जमिनीला टेकलेली होती. चेंडू आला आणि थांबला, इतक्या शांतपणे की मास्तरांनी डोळे मिटले. दुसरा, तिसरा. मग दादांनी त्याला क्लबाच्याच पोरांबरोबर सामन्यात उतरवले, बराच वेळ खेळू दिले, आणि शिट्टी फुंकून सर्वांना जवळ बोलावले.

"थांबवनं सुधरलं," ते दौलतला म्हणाले. मग एकवार माझ्याकडे पाहून पुढे म्हणाले, "अब रीझन देता हूँ, वकीलसाहब के सामने. तो गोल झाला ना आपल्यावर, तेव्हा तू मधातच उभा राह्यला. मागं नाई आला. हाफ मागं येत नसन तं अव्वल लीगमंदी कायचा? एक साल और रुक."

माझा हात खिशात गेला. पायरीवरून मी उठलोच होतो, तोच कोटाला मागून ओढ बसली. मास्तरांनी टोक धरले होते.

"बसा, वकीलसाहेब. ते बोलून राह्यलं."

दौलत खरेच बोलत होता. आवाज हळू होता, पण पोरे चूप झाल्यामुळे सगळ्यांना ऐकू आला. "दादा, बॅक पुढं गेलता. त्याची मधातली जागा खाली होती, म्हणून मी तिथं थांबलो. मी मागं आलो असतो तं मधून रस्ता मोकळा होता. गोल बाजूनं झाला. मधून नाई झाला."

दादांनी भुवया वर केल्या. मग बॅककडे वळले. तो क्लबाचा जुना गडी, मिशीवाला, लीगमध्ये नाव असलेला.

"काऊन रे? पुढं गेलता?"

मिशीवाल्याने मान खाजवली. मैदानाच्या त्या टोकाकडे पाहिले, जिथे तो असायला हवा होता.

"गेलतो," तो म्हणाला.

कोणीतरी फिसकन हसले. दादा हसले नाहीत. त्यांनी दौलतकडे बराच वेळ पाहिले, जसे एखादा न्यायाधीश मान वर करून प्रथमच पक्षकाराचा चेहरा पाहतो. त्यांची यादी तिथेच लिहिली जात होती. लिहिणाऱ्या पोराला ते म्हणाले, "लिही. मडावी." मग दौलतला: "बुधवारपासून येजो. अन् पुढच्या टायमाले मले अगोदर सांगजो, मंग मी बोलतो."

माझ्या खिशातल्या कागदातला एकही मुद्दा वापरला गेला नाही. वकील म्हणून माझ्या वाट्याला आलेला तो सर्वांत सुरेख पराभव म्हणावा, तर पराभव कोणाचा झाला हेही मला सांगता येईना. पोरगा तयार आहे की नाही, यावर आम्ही दोघे वर्षानुवर्षे भांडत होतो. रेषा, हंगाम, चेंडू गेल्यावरचे पाय. त्याने स्वतःची बाजू स्वतः मांडली, तीही खरी, आणि नेमकी तेवढीच. ही कसोटी आमच्यापैकी कोणालाही सुचली नव्हती.

दौलतचे वडील तोवर तसेच उभे होते. निकाल मराठीत झाला होता, निम्मा हिंदीत. त्यांना कितपत पोचला कोण जाणे. दौलत त्यांच्याजवळ गेला. दोघे आपल्या भाषेत काहीतरी बोलले. वडिलांनी टॉवेलने तोंड पुसले, एक छोटासा प्रश्न विचारला, आणि दौलत मोठ्याने हसला. त्याला असे हसताना मी कधी पाहिले नव्हते.

"काय म्हणाले?" मी विचारले.

"बाबा म्हंते, आता मामाले कोन सांगन? त्यानं साहेबाचे पाय धरून नोकरी आनली होती."

दौलतने माझ्याकडे पाहिले. त्याच्या वडिलांनी पाहिले. मास्तरांनी, माझ्या कोटाचे टोक अजून हातात धरून, पाहिले.

मी पेन काढले आणि तिथेच, मैदानाकडेच्या पायरीवर, कागदाची कोरी बाजू गुडघ्यावर घेऊन बसलो. आयुष्यभर पत्रे लिहिली. सर्वांची सुरुवात एकच, की आपण केलेल्या अन्यायाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. त्या भल्या मामाने तर काहीच अन्याय केला नव्हता. बराच वेळ माझे पेन कागदावर टेकेना, आणि ते तिघे माझ्याभोवती उभे राहून, मी काय लिहितो ते पाहत होते.